पाच व्होल्ट, पण कोणापासून?

श्रावणात माझ्या दुकानात काम कमी असतं. विहिरींना पाणी चढलेलं असतं, वरून पाऊस चालू असतो आणि शेतातल्या मोटारी बंद. मोटारी चालत नाहीत तेव्हा जळतही नाहीत. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी बावीस वर्षांपासून मोटार वाइंडिंग करतो, आणि वर्षातले हे पाच-सहा आठवडेच काय ते हाताला मोकळीक देतात. यंदाचे ते सगळे आठवडे एका लाकडी नंदीच्या पोटात गेले.

नंदी दोन फुटांचा, सागाचा. आमच्या आबाजींनी स्वतः वाकस-पटाशीनं केलेला. चाकं दोनदा बदलली, शेपटीचा गोंडा दरवर्षी नवा, बाकी नंदी तोच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातले पोट्टे आपापले नंदी ओढत मारुतीच्या देवळापुढं आणतात, तोरणाखाली रांग लागते, चांगल्या सजावटीला बक्षीस मिळतं आणि मग घरोघरी नंदी फिरवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगतो की आमच्याकडं लेकरांचा हा पोळा वेगळ्या दिवशी असतो, नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून.

पुतणी सातवीत आहे. नंदी यंदा तिच्याकडं. आषाढातच दुकानात येऊन म्हणाली, "मोठेबाबा, शिंगाईवरून लाईट पयाले पाह्यजे. खालून वर. आन् झुलीच्या कडेनं बी." तिला थोडं कोडिंग येतं, मला सोल्डरिंगचा डाग देता येतो. म्हटलं, करू.

नागपूरला सीताबर्डीवर गेलो तेव्हा सामान आणलं. आर्डुइनो नॅनो एक, म्हणजे कोड भरून चालवायचा छोटा बोर्ड; डब्ल्यूएस२८१२बी जातीची एलईडी पट्टी अडीच मीटर, मीटरला ६० दिवे, म्हणजे १५० दिवे. झुलीच्या कडेला ९६, गळ्यात २४, दोन शिंगांना पंधरा-पंधरा. हिशेब बरोबर जुळला म्हणून दोघंही खूश होतो.

ही पट्टी साध्या माळेसारखी नसते. प्रत्येक दिव्याच्या आत एक बारीक चिप असते आणि सगळ्या दीडशे दिव्यांना मिळून निरोप देणारी तार एकच. पंगतीत वरून पत्रावळींचा गठ्ठा येतो, पहिला आपली एक पत्रावळ काढून घेतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडं सरकवतो, तसं इथं चालतं. पहिला दिवा आपल्या रंगाचे २४ बिट, म्हणजे शून्य-एकच्या २४ खुणा, ठेवून घेतो, बाकीचे पुढं ढकलतो. एक बिट सव्वा मायक्रोसेकंदाचा. त्यात तार किती वेळ वर राहिली, यावरून शून्य की एक ते ठरतं: ०.४ च्या आसपास राहिली तर शून्य, ०.८ च्या आसपास राहिली तर एक. दीडशे दिव्यांचा पूर्ण निरोप साडेचार मिलिसेकंदात जातो. मोटारीच्या पन्नास सायकलवर आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा वेग ऐकूनच हुरूप आला.

पहिल्या संध्याकाळी नॅनोला लॅपटॉपमधून यूएसबीनं वीज दिली, पट्टीला दुकानातल्या पाच व्होल्ट दहा अँपियरच्या एसएमपीएसमधून, म्हणजे बोर्डाची वीज पाच व्होल्टवर आणणाऱ्या डब्यातून. पोरीनं अगदी साधा कोड लिहिला होता: सगळे दिवे लाल. पट्टीवर लाल सोडून सगळं दिसलं. कुठं जांभळा, कुठं पोपटी, मधले वीस-पंचवीस काळे, शेवटचे लुकलुकणारे. मी तार धरायला हात नेला की रंग बदलायचे. लॅपटॉपच्या चार्जरची पिन बोर्डातून काढली की वेगळंच नाटक सुरू. दोन मिनिटं सगळं शांत राहायचं, आम्हाला वाटायचं झालं, आणि पुन्हा तेच.

तीन संध्याकाळी यात गेल्या. कोड पुन्हा भरला. दिव्यांची संख्या १५० वरून ३० वर आणली. लायब्ररी, म्हणजे दिवे चालवणारा तयार कोड, बदलली. शेजारच्या मास्तरांकडून दुसरा नॅनो मागून आणला. आणि यातलं बरंचसं मी एकाच वेळी करत होतो, लायब्ररीही नवी आणि नॅनोही नवा, त्यामुळं काही फरक पडला तरी कशानं पडला ते कळायला मार्ग नव्हता. मोटारीच्या कामात मी असं कधी करत नाही. आधी सिरीज दिवा, मग इन्सुलेशन तपासणारा मेगर, मग एकेक फेज सोडवून बघणं. पण नवीन वस्तू समोर आली की माणूस आपलीच शिस्त विसरतो.

चौथ्या दिवशी तिला म्हटलं, दिवे राहू दे, नॅनोची ती एक तार नुसती वर धरून ठेव, मला मीटरनं मोजायची आहे. तिनं तसा चार ओळींचा कोड लिहिला. लाल प्रोब निरोपाच्या, म्हणजे डेटाच्या तारेला लावला, काळा नॅनोच्या जीएनडीला. ४.९ व्होल्ट. छान. मग विचार केला, हेच पट्टीच्या बाजूनं बघू. लाल प्रोब तिथंच ठेवला, काळा पट्टीच्या मायनसला. आकडा कुठंच थांबेना. कधी दीड, कधी तीन, कधी उणे. चार्जरची पिन काढली की आणखी वेगळा.

तार एकच, त्याच वेळी मोजलेली, आणि उत्तरं दोन. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पाच व्होल्ट, पण कोणापासून?"

चूक माझी होती, आणि ती माझ्या धंद्यातूनच आली होती. नॅनोवर जीएनडी लिहिलेलं आहे. ग्राउंड म्हणजे जमीन, जमीन म्हणजे अर्थिंग, असं मी वाचलं. आमच्याकडं अर्थिंग ही सुरक्षेची गोष्ट. ती नसली तर मोटार चालते, फक्त बॉडीला हात लावणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. म्हणून मी मनात म्हटलं होतं, पाच व्होल्टमध्ये कोणाला झटका बसणार आहे, अर्थिंगची तार मागून जोडू. पोरीनं चित्रात ती तार काढून आणली होती. मीच जोडली नव्हती.

इथला ग्राउंड म्हणजे अर्थिंग नव्हे. त्याचं नातं आमच्या न्यूट्रलशी आहे. परतीची वाटही तीच आणि मोजायची पायरीही तीच. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा न्यूट्रल तुटला होता. तिन्ही फेज शाबूत, पण एका घरात बल्ब झगझगून फुटले आणि समोरच्या घरात पंखा हलेना. का? दोन फेजमधले चारशे-सव्वाचारशे व्होल्ट घराघरांतल्या लोडमधून कसेही वाटले गेले, मधली पायरीच जागेवर नव्हती. माझ्या टेबलावर तेच चाललं होतं, फक्त लहान मापात. नॅनो आपल्या मायनसपासून पाच व्होल्ट म्हणत होता, पट्टी आपल्या मायनसपासून ऐकत होती, आणि दोन्ही मायनस एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. मधे जे काही चुकूनमाकून पोचत होतं ते माझ्या हातातून, चार्जरमधून, टेबलाच्या ओलसर लाकडातून.

वीतभर काळी वायर जोडली. पट्टीच्या मायनसपासून नॅनोच्या जीएनडीपर्यंत. दीडशेच्या दीडशे दिवे एका रंगाचे, स्थिर.

रंग हिरवा होता. हा दोष नव्हता. या पट्टीला लालच्या आधी हिरवा रंग सांगावा लागतो, तो क्रम कोडमध्ये बदलला.

त्या तीन संध्याकाळींच्या ओढाताणीनं खिळखिळा झालेला पहिला दिवा मात्र पुढं मेला. पट्टीची वीज बंद आणि नॅनो चालू, असं आम्ही कितीदा तरी केलं होतं. तशा वेळी डेटाच्या तारेतून वीज दिव्यात शिरते आणि चिपला ती सोसत नाही. पंगतीतला पहिलाच गेला म्हणजे पुढं कोणालाच पत्रावळ मिळत नाही, सगळी पट्टी आंधळी. कात्रीनं तो दिवा कापून टाकला, दुसऱ्यावर डाग दिला, की दुसरा पहिला झाला. तेव्हापासून आमच्याकडं जोडायचा क्रम ठरला आहे: आधी मायनस, मग प्लस, डेटा सगळ्यात शेवटी. सोडवताना उलटा. शिवाय डेटाच्या तारेत, पट्टीच्या तोंडाशी, ३३० ओहमचा रेझिस्टर घातला.

मग बटण. नंदीच्या मानेखाली बटण बसवलं होतं, दाबलं की नमुना बदलायचा. तो न दाबताच बदलू लागला. पिन मोकळी लटकत होती. फूटभर वायर दिव्यांच्या तारांशेजारून गेलेली, ती जे मिळेल ते उचलायची. नॅनोच्या आतच वर ओढून धरणारा रेझिस्टर असतो, तो कोडमधून चालू करता येतो. बटणाचं दुसरं टोक मायनसला दिलं. अर्ध्या तासाचं काम.

खरा त्रास पुढं झाला, आणि तो मी नीट लिहिणार आहे.

दुकानात सगळं उत्तम चालायला लागलं तसं सामान नंदीत बसवलं. पोटात पूर्वीपासून एक कप्पा आहे, त्यात नॅनो आणि पॉवरबँक. आता एसएमपीएस नाही; नॅनो आणि पट्टी दोघांनाही पॉवरबँकेचीच वीज. नमुने चार होते: लाल धाव, भगवी लाट, हिरवी लाट आणि शेवटी पांढरा झगमगाट. पहिले तीन व्हायचे, पांढरा क्षणभर डोळे मारायचा आणि पुन्हा लाल धाव. दहा वेळा बघितलं, दहाही वेळा तेच.

मी कोड उघडला. मला कोड वाचता येत नाही म्हणण्यापेक्षा अर्धवट येतो, आणि ते जास्त वाईट. एक ओळ दिसली: नमुन्याचा आकडा तीनच्या वर गेला की शून्य कर. मी म्हटलं, "हे पाय. तू तीनवरूनच वापस पाठवून राहिली त्याले. चौथा येईन कसा?"

"शून्यापासून मोजतेत ना मोठेबाबा. शून्य, एक, दोन, तीन. चार झाले."

"मंग येत काहून नाही? तुह्या कोडमधीच चुकलं काई तरी."

ती काही बोलली नाही. लॅपटॉप बंद केला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

त्या दिवशी मी एकटाच मीटर घेऊन बसलो. पॉवरबँकेच्या तोंडाशी ४.९, पांढऱ्याच्या वेळी ४.८. वीज ठीक आहे, असं मी ठरवून टाकलं, म्हणजे दोष कोडचाच. हे चुकीचं होतं, पण मीटर खोटं बोलत नव्हता. तो सेकंदात दोन-तीनदा आकडा दाखवतो. काही मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही. ज्या कामाला पट्टी सव्वा मायक्रोसेकंदात एक अक्षर वाचते, तिथं मी अर्ध्या सेकंदाच्या डोळ्यानं बघत होतो.

तिसऱ्या दिवशी ती शाळेतून थेट दुकानात आली. दप्तर खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "नॅनोवर एक बारीक लाईट राह्यते ना, तेरा नंबरचा. मी कोडच्या सुरुवातीले त्याले तीनदा चमकवतो. सुरुवात एकदाच होते. पुना चमकला म्हंजे नॅनो पुना सुरू झाला."

तिनं ते लिहिलं, भरलं, पॉवरबँक जोडली. नॅनोवरचा दिवा तीनदा चमकला. लाल, भगवी, हिरवी. पांढरा आला आणि नॅनोवरचा दिवा पुन्हा तीनदा चमकला.

कोड शून्यावर येत नव्हता. नॅनोच बेशुद्ध पडून नव्यानं उठत होता.

पुढचा हिशेब पाच मिनिटांचा होता, आणि तो मला पहिल्या दिवशी करता आला असता. एक दिवा पूर्ण पांढरा लावला तर ६० मिलिअँपियरपर्यंत खातो: लाल, हिरवा, निळा प्रत्येकी वीस. एक कमी दीडशे दिवे, म्हणजे जवळपास ९ अँपियर. आमच्या पॉवरबँकेवर लिहिलंय २.१ अँपियर. लाल धावेत एका वेळी दहा-बारा दिवेच लागतात, लाटेतही थोडेच, म्हणून तिथं काही बिघडत नव्हतं. पांढऱ्याला सगळे एकदम उठायचे, व्होल्टेज कोसळायचं, आणि नॅनोवरची चिप २.७ व्होल्टच्या खाली स्वतःला बंद करून घेते. त्यातही एक धोक्याची जागा आहे. ही चिप १६ मेगाहर्ट्झवर पळते तेव्हा तिला साधारण ३.८ व्होल्ट तरी पाहिजेत. त्याच्या खाली आणि २.७ च्या वर ती चालू असते पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. कधी कधी पांढऱ्यानंतर लालऐवजी भलतेच ठिपके दिसायचे, ते बहुधा याच पट्ट्यात.

लो व्होल्टेजनं मोटार जळते हे मी गावाला बावीस वर्षं सांगत आलो. माझ्याकडं येणाऱ्या जळक्या मोटारींतल्या बऱ्याच त्यातल्याच असतात, नाहीतर एक फेज गेल्याच्या. आणि लो व्होल्टेजचा दोष मी एका लेकराच्या माथी मारला होता.

"चुकलं माह्यं, माय," मी म्हणालो. "कोड तुहा बराबर होता."

"माहीत होतं मले," ती म्हणाली, आणि दप्तर खाली ठेवलं.

उपाय तिनं आणि मी मिळून केले. तिच्या लायब्ररीत कमाल करंट लिहून देता येतो. पाच व्होल्ट, १५०० मिलिअँपियर असं लिहिलं, की लायब्ररी स्वतःच हिशेब करून दिवे मंद करते. रात्री अंधारात पांढरा त्या मानानंही डोळ्यांत भरतो, पूर्ण उजेडाची गरजच नव्हती. मी पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला, एकदम ओढ आली तर पहिला घोट त्यातून निघावा म्हणून. आणि पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज दिली. पट्टीतला तांब्याचा थर कागदासारखा असतो. एकाच टोकानं वीज दिली की शेवटचे दिवे पिवळसर-तांबूस दिसतात, कारण व्होल्टेज उतरलं की निळा आणि हिरवा आधी हार मानतात, लाल तग धरतो. लांब केबलवरची विहिरीची मोटार आठवा, तोच प्रकार.

पोरीनं वहीत आकडे लिहिले. सगळे दिवे पांढरे असताना सुरुवातीला ४.९४, गळ्यापाशी ४.८२, डाव्या शिंगाच्या टोकाला ४.७१.

पोळ्याच्या रात्री, बैल घरोघरी पुरणपोळी खाऊन गोठ्यात गेल्यावर, आम्ही नंदी गल्लीत ओढून बघितला. सिमेंटच्या रस्त्यावर ठीक चालला. नालीवरच्या फरशीवरून चाक उतरलं आणि उजवं शिंग वेडं झालं: निळं, काळं, पांढरं. पुन्हा उचलून ठेवलं की शांत.

या वेळी मी कोडचं नावही काढलं नाही. शिंगांकडं जाणाऱ्या तारा मी वाइंडिंगच्या तांब्याच्या ओढल्या होत्या, कारण दुकानात रिळं पडलेली आणि ती तार बारीक, शिंगाच्या खाचेत लपते. पण वाइंडिंगची तार स्लॉटमध्ये ठासून, वॉर्निश पिऊन बसलेली असते. ती हलत नाही म्हणून टिकते. इथं दर धक्क्याला ती डागाच्या मुळाशी वाकत होती. चिमट्यानं हलकेच ओढली तर मायनसची तार तुटून हातात आली. तुटलेली टोकं इतका वेळ एकमेकांना टेकून काम चालवत होती. पुन्हा मायनसच. रात्री साडेअकरापर्यंत बसून दोन्ही शिंगांच्या तारा बदलल्या, बारीक धाग्यांची मऊ वायर, डागावर स्लीव्ह, आणि डागापासून बोटभर अंतरावर दोऱ्यानं लाकडाला बांधून टाकली, म्हणजे धक्का दोऱ्यानं खावा, डागानं नाही. पोरगी वायरच्या रिळावर डोकं ठेवून झोपली होती. तिला उठवून दाखवलं तेव्हा एका डोळ्यानं बघून "हो" म्हणाली.

तान्ह्या पोळ्याला दुपारी पाऊस आला, रांग उशिरा लागली, आणि ते आमच्या पथ्यावर पडलं. देवळापुढं अंधारून आलं होतं. तिनं मानेखालचं बटण दाबलं आणि उजेड झुलीच्या कडेनं पळत गळ्यात गेला, तिथून दोन वाटा फुटून दोन्ही शिंगांच्या टोकांशी पोचला. शेजारच्या नंदीवाला एक बारका पोट्टा आपला नंदी सोडून आमच्या नंदीच्या पोटाखाली वाकून बघू लागला. बक्षीस दुसऱ्या नंदीला मिळालं, कपाशीच्या बोंडांची आणि तुरीच्या पानांची झूल केलेल्या, आणि ते योग्यच होतं. ती झूल मीही दोनदा जाऊन बघितली.

मग बोजारा. चाळीसएक घरं, नाल्या, फरशा, चिखल. पांढरा झगमगाट प्रत्येक दारात झाला. घरी आल्यावर कप्पा उघडला, पॉवरबँक कोमट होती, तारा जागेवर होत्या. मी पट्टी सोडवायला घेणार तेवढ्यात ती म्हणाली, "राहू द्या ना. चार दिवसांनी गणपती येतेत. तवा एसएमपीएसवर लावू."

मी म्हटलं, लावू.

ती पायऱ्या उतरून घराकडं निघाली होती, तिथून वळून म्हणाली, "पयले जीएनडी जोडजा, मोठेबाबा."